पाषाणातली चाळणी

पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत काळा कातळ फोडला की कधीकधी आत पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांनी भरलेली पोकळी सापडते. असा एखादा दगड आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत कपाटात पडलेला असेल. त्यातले बरेचसे स्फटिक झिओलाइट गटातले असतात. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ फसफसून निघाली. म्हणून त्यांनी ग्रीक शब्दांवरून त्याला 'उकळणारा दगड' असे नाव दिले. गंमत अशी, की पाणी निघून गेले तरी अनेक झिओलाइटांचा सांगाडा ढासळत नाही. सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा हा सांगाडा आतून पोकळ असतो, आणि पोकळी असते रेणूच्या मापाची.

1925 मध्ये वायगेल आणि श्टाइनहोफ यांना दिसले, की चाबाझाइट या झिओलाइटमध्ये पाणी आणि अल्कोहोल शिरते, बेंझीन मात्र बाहेरच राहते. 1932 मध्ये जेम्स विल्यम मॅकबेन यांनी अशा पदार्थांना 'रेणूंची चाळणी' म्हटले. हेच मॅकबेन पुढे पुण्यात आले. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिचे पहिले संचालक मॅकबेन होते. पुणेकरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

त्याच प्रयोगशाळेत 1980 च्या दशकात डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एन्सिलाइट' हे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. झायलीनचे तीन प्रकार असतात. अणू तेच, मांडणी वेगळी. त्यातले सडसडीत पॅरा-झायलीन पॉलिएस्टरसाठी लागते. सुमारे अर्ध्या नॅनोमीटरच्या छिद्रातून ते सहज सरकते, बाकीची दोन भावंडे अडखळतात. बडोद्याच्या कारखान्यात हा उत्प्रेरक वापरला गेला. असे उत्प्रेरक परदेशातून आणावे लागत, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती.

पण छिद्र पाडायचे कसे? ओतारी मेणाची मूर्ती मातीत ठेवून मेण वितळवून काढतो, तशीच ही रीत. योग्य मापाचा कार्बनी रेणू मध्ये ठेवायचा, त्याभोवती ऑक्साइडचा सांगाडा वाढू द्यायचा, मग सुमारे 500 अंश सेल्सियसला तापवून तो रेणू जाळून टाकायचा.

दुसरी वाट द्रव धातूची आहे, आणि ती जुनी आहे. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि आतला धातू वाचतो. पृष्ठभाग खरवडून तेथे पारा लावला, की अॅल्युमिनियम पाऱ्यात विरघळते. त्याचे अणू पाऱ्यातून वर येतात आणि दमट हवेत ऑक्साइड होतात. पण तो पाऱ्याला चिकटून राहत नाही. मग पापुद्र्याऐवजी पांढरे, हलके, सच्छिद्र तंतू डोळ्यांदेखत उगवू लागतात. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने वर्गात हा प्रयोग मुळीच करू नये.

पाऱ्याची ही अडचण गॅलियमने दूर केली. ते 29.8 अंशांना वितळते, म्हणजे पुण्याच्या एप्रिलमध्ये बशीतच त्याचे पाणी होईल. इंडियम आणि कथील मिसळले तर थंडीतही ते द्रव राहते. 2017 मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी अशा मिश्रधातूत थोडे हाफ्नियम, अॅल्युमिनियम किंवा गॅडोलिनियम विरघळवले. ऑक्सिजनशी गॅलियमपेक्षा अधिक घट्ट जुळणाऱ्या त्या धातूने पृष्ठभाग बळकावला आणि अवघ्या काही अणूंच्या जाडीचे ऑक्साइड मिळाले. अॅल्युमिनियम विरघळवून त्यावर पाण्याची वाफ सोडली, तर पाऱ्यासारखेच तंतू वाढतात. त्यांच्या गुंत्यातल्या फटी मात्र झिओलाइटसारख्या एका मापाच्या नसतात. झायलीन निवडायला त्या निरुपयोगी. पाणी गाळणाऱ्या पडद्यांसाठी मात्र चालतात.