खाटेशेजारची सोनोग्राफी : पाहायला शिकण्याची गोष्ट

अपघातात पोटाला मुका मार बसलेला रुग्ण दवाखान्यात येतो. वरून जखम दिसत नाही. पण आत प्लीहा किंवा यकृत फाटले असेल, तर रक्तस्राव चालूच असतो. तो ओळखायचा कसा? १९६५ पासून एक पद्धत रूढ झाली. बेंबीजवळ लहान छेद घेऊन पोटात नळी घालायची, सलाइन सोडायचे आणि परत आलेल्या पाण्यात रक्त आहे का ते पाहायचे. पद्धत उपयुक्त होती, पण तीत रुग्णाचे पोट टोचावे लागे.

दुसरा मार्ग ध्वनीचा होता. काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. उलट, त्यांना विद्युतदाब दिला की ते कंप पावतात. सोनोग्राफीत याच गुणधर्माचे पदार्थ वापरून सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपनांचा ध्वनी निर्माण करतात. शरीराच्या मऊ भागात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. मग १५ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागेल? जाण्यायेण्याचे अंतर ३० सेंटिमीटर, म्हणून सुमारे ०.०००२ सेकंद. हे गणित वर्गात जरूर घालावे. साठलेल्या ताज्या रक्तातून प्रतिध्वनी जवळजवळ येतच नाहीत. पडद्यावर ते काळे दिसते.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये कारखान्यातील धातूचे दोष शोधणाऱ्या यंत्रावर शरीरातून काढलेल्या गाठी तपासून पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. सोनोग्राफीचा पुढे प्रसार झाला, पण तपासणी बहुधा क्ष-किरण विभागातच होई. अत्यवस्थ रुग्णाला तेथवर नेणेच धोक्याचे होते.

जर्मनीत शल्यचिकित्सक स्वतःच ही तपासणी करू लागले होते. १९८८ पासून ती त्यांच्या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग झाली. अमेरिकेत मात्र वाद झाला. क्ष-किरणतज्ज्ञ जे वर्षानुवर्षे शिकतात, ते अपघात विभागातील नवशिक्या डॉक्टराला कसे जमेल? शंका रास्त होती. ‘काही नाही’ असे चुकीचे सांगितले, तर रुग्ण प्राणाला मुकू शकतो.

यातून वाट निघाली ती प्रश्न लहान केल्यामुळे. सगळे पोट वाचायचे नाही. फक्त चार जागी पाहायचे : हृदयाभोवती, यकृत व उजव्या मूत्रपिंडामध्ये, प्लीहेभोवती आणि ओटीपोटात. प्रश्न एकच – येथे द्रव आहे की नाही? १९९० च्या दशकात ही तपासणी ‘फास्ट’ या नावाने प्रसिद्ध झाली.

पण नवा डॉक्टर तयार झाला, हे कधी म्हणायचे? १९९४ मध्ये अमेरिकेत एक आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला. त्यात ४० तासांचे शिक्षण आणि १५० तपासण्या सुचवल्या होत्या. २००१ मध्ये तेथील तातडीच्या सेवेतील डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी २५ ते ५० हा आकडा दिला.

भारतात या वैद्यकशाखेला भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता २००९ मध्ये मिळाली. येथे आणखी एक बाजू आहे. गर्भलिंगनिदानासाठी होणाऱ्या गैरवापरामुळे १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी यंत्रांवर कडक निर्बंध आले. जे यंत्र प्राण वाचवते, त्याच्याच आधारे मुलींचे गर्भ पाडले गेले. म्हणून शिकणाऱ्याला कायदाही शिकावा लागतो.

आता पुन्हा आकड्यांकडे वळू. पंचवीस वेळा शोधक फिरवला म्हणून नजर तयार होत नाही. प्रत्येक चित्र जपून ठेवावे, ते अनुभवी व्यक्तीने तपासावे आणि शस्त्रक्रियेत किंवा सीटी स्कॅनमध्ये प्रत्यक्ष काय आढळले त्याच्याशी ताडून पाहावे, तेव्हाच चूक कळते. शिवाय मार बसल्यावर लगेच साठलेले रक्त थोडे असू शकते. त्यामुळे ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. रुग्णाची प्रकृती पाहून पुन्हा तपासावे लागते. हा फरक ज्याला उमगला, त्याच्या हाती शोधक द्यायला हरकत नाही.