'सायरस' अणुभट्टीचा पुनरारंभ आणि नियामक देखरेख : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दीर्घकाळ बंद असलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करणे ही केवळ तांत्रिक घटना नसते. खानदेशातील वाचकास दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र परिचित आहे. तेथील संचात कोळसा जळणे थांबले की नवी उष्णता निर्माण होत नाही. अणुभट्टीत मात्र शृंखला अभिक्रिया थांबल्यानंतरही किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयामुळे उष्णता निर्माण होतच राहते आणि इंधन थंड ठेवावेच लागते. म्हणूनच 'पुन्हा सुरू करा' असे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात तुर्भे येथील 'सायरस' या संशोधन अणुभट्टीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सायरसची उभारणी व नूतनीकरण :
भारताची पहिली संशोधन अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात स्वयंपोषी शृंखला अभिक्रिया सुरू झाली. त्याच वर्षी कॅनडाशी झालेल्या करारानुसार सायरसचे काम हाती घेण्यात आले. नैसर्गिक युरेनियमवर चालणारी ही ४० मेगावॅट औष्णिक क्षमतेची भट्टी १० जुलै १९६० रोजी क्रांतिक झाली. किरणोत्सर्गी समस्थानिकांचे उत्पादन, न्यूट्रॉनविषयक संशोधन व मनुष्यबळाचे प्रशिक्षण यांसाठी तिचा उपयोग झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियमही तिच्यातूनच आले होते.

तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या भट्टीत जीर्णतेच्या खुणा दिसू लागल्या. १९९७ मध्ये ती नूतनीकरणासाठी बंद करण्यात आली. इंधन बाहेर काढून भट्टीची तपासणी झाली. जमिनीखालील शीतक-जलवाहिन्यांची दुरुस्ती, हेलियम वायूची गळती रोखणे व भूकंपसुरक्षेचे नव्याने मूल्यमापन अशी कामे पार पडली. २००२ मध्ये सायरस पुन्हा क्रांतिक झाली. भारतीय अभियंत्यांच्या कौशल्याची ही निश्चितच मोठी साक्ष होय.

देखरेखीतील स्थित्यंतर :
मात्र याच पाच वर्षांत देखरेखीची चौकट बदलली. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील सुविधाही त्याच्या कक्षेत येत होत्या. २००० मध्ये शासनाने केंद्रातील सुविधांवरील मंडळाची देखरेख संपुष्टात आणून ती केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा यंत्रणेकडे सोपविली. हा निर्णय मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर दोन वर्षांनी झाला, हा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. परिणामी सायरसचे नूतनीकरण एका व्यवस्थेत सुरू झाले आणि तिचा पुनरारंभ दुसऱ्या व्यवस्थेत झाला. चालविणारी संस्था व तपासणारी संस्था यांतील अंतर नाहीसे झाले.

हे अंतर आधीही पुरेसे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगास उत्तरदायी होते आणि आयोगाचे अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवाकडेच असे. डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष असताना, १९९५ मध्ये, मंडळाने विभागाच्या प्रकल्पांतील सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार केला. तो उघड करावा यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथेही जानेवारी २००४ मध्ये गोपनीयतेची तरतूद वैध ठरली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात मंडळाच्या स्वायत्ततेतील उणिवा पुन्हा दाखवून दिल्या.

कॅनडातील उदाहरण :
सायरसचा आराखडा ज्या चॉक रिव्हर केंद्रातील भट्टीवरून घेतला होता, तेथेच नंतर उभारलेल्या 'एनआरयू' भट्टीचा वाद येथे तुलनेस उपयुक्त आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये ती बंद असताना शीतक पंपांना आणीबाणीचा वीजपुरवठा जोडलेला नसल्याचे आढळले. नियामक आयोगाने पुनरारंभास संमती दिली नाही. वैद्यकीय समस्थानिकांचा तुटवडा निर्माण झाला, तेव्हा कॅनडाच्या संसदेने डिसेंबरमध्ये विशेष कायदा करून १२० दिवसांपुरती परवानगी दिली. जानेवारी २००८ मध्ये आयोगाच्या अध्यक्षा लिंडा कीन यांना पदावरून दूर करण्यात आले. तेथेही नियामकावर शासनाने मात केली. परंतु ती संसदेत, सर्वांसमक्ष. कोणी नकार दिला, का दिला आणि तो कोणी डावलला, याची नोंद इतिहासास उपलब्ध राहिली.

निष्कर्ष :
भारत-अमेरिका नागरी अणुसहकार्याच्या वेळी दिलेल्या वचनानुसार ३१ डिसेंबर २०१० रोजी सायरस कायमची बंद झाली. २००९ मध्ये थांबविलेल्या अप्सराच्या जागी 'अप्सरा-उन्नत' ही २ मेगावॅटची भट्टी १० सप्टेंबर २०१८ रोजी क्रांतिक झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्यात नियामक मंडळास वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु कायद्याने दर्जा मिळणे आणि नकार देण्याचे सामर्थ्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सायरसचा पुनरारंभ सदोष होता, असे म्हणण्यास आधार नाही. तो निर्दोष होता हे तपासण्याचे स्वतंत्र साधन मात्र समाजाच्या हाती राहिले नाही. मुंबईसारख्या महानगरात भट्टी सुरक्षित असणे जितके आवश्यक आहे, तितकेच ती सुरक्षित असल्याचे तिच्या चालकांखेरीज अन्य कोणी सांगू शकणेही आवश्यक आहे.