नृत्यगीतांचे पाठभेद

‘शिक’ या न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे ‘गुड टाइम्स’ हे गाणे माझ्याकडे दोन सीडींवर आहे. एक सीडी ‘रिस्के’ या १९७९च्या मूळ अल्बमची आणि दुसरी त्या काळातल्या नृत्यगीतांच्या एका संकलनाची. गाण्याचे नाव एक, गायिका त्याच, ध्वनिमुद्रणही तेच. पण पहिल्या सीडीवर ते आठ मिनिटांहून थोडे अधिक चालते आणि दुसरीवर पावणेचार मिनिटांच्या आत आटोपते. संकलनाच्या वेष्टणावर याचा उल्लेख नाही. मी ते बरीच वर्षे ऐकत होतो आणि आपण ‘गुड टाइम्स’ ऐकले आहे, असे समजत होतो.

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकाचा असा गैरसमज होत नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद फार माजले म्हणूनच, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. यंत्रावर छापलेल्या तबकडीला मात्र पाठभेद असू शकतात, हे पटकन मनात येत नाही. नृत्यगीतांच्या बाबतीत तर ते असणे हाच नियम आहे.

‘गुड टाइम्स’मधून काय गेले, हे पाहण्यासाठी मी दोन्ही सीडी हेडफोन लावून, हातात घड्याळ धरून ऐकल्या. गाण्याची गती मिनिटाला सुमारे ११० ठोके, म्हणजे चार मात्रांचे एक आवर्तन सव्वादोन सेकंदांपेक्षा थोडे कमी. दोन पाठांमधला फरक सव्वाशेच्या आसपास आवर्तनांचा निघतो. गेलेल्या भागात मोठा वाटा आहे तो मधल्या वाद्यमेळाचा. तिथे गाणे थांबते आणि बर्नार्ड एडवर्ड्सचे बेस गिटार व ड्रम एवढेच उरतात. मग एकेक वाद्य सावकाश परत येते. घरी बसून ऐकणाऱ्याला हा भाग लांबलेला वाटेल. नाचणाऱ्याला तोच हवा असतो.

हे नुसते आवडीनिवडीपुरते नाही. त्याच काळात ब्रॉन्क्समधले डीजे दोन तबकड्या शेजारी ठेवून गाण्यातला असा मोकळा भाग पुनःपुन्हा वाजवत आणि त्यावर शब्द म्हटले जात. १९७९च्या सप्टेंबरमध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ निघाले. निर्मातीने वादकांकडून ‘गुड टाइम्स’ची ती बेसची चाल नव्याने वाजवून घेतली होती. पुढे कायदेशीर कारवाईचा इशारा मिळाल्यावर एडवर्ड्स आणि नाइल रॉजर्स यांची नावे गीतकार म्हणून घालावी लागली. रॅपचे पहिले मोठे यश या चालीवर उभे आहे. ज्याच्या हाती केवळ संकलनाची सीडी आहे, त्याला ही चाल ऐकू येईल. तिच्यावर चौदा मिनिटे शब्दांची बरसात करावी असे कुणाला का वाटले असेल, हे मात्र कळणार नाही. तो पुरावा कापलेल्या आवर्तनांत आहे.

मग कापले का? सात इंची तबकडीला जागा कमी. एका बाजूवर जितकी मिनिटे जास्त, तितक्या खाचा दाटीवाटीच्या, आवाज दबलेला आणि खर्ज पातळ. शिवाय रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांचा ऐवज हवा असे. ही मर्यादा आपल्याला परकी नाही. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर बालगंधर्वांची पदे अशीच तीन-सव्वातीन मिनिटांत बसवली गेली. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत तेच पद किती फुलत असे, ते आज आठवणींच्या पुस्तकांतून वाचावे लागते. (अमेरिकेत यातून पळवाटही निघाली होती. फिल स्पेक्टरने १९६४मध्ये एका पावणेचार मिनिटांच्या गाण्याच्या लेबलावर ३:०५ असे बेधडक छापले, रेडिओवाल्यांनी घाबरू नये म्हणून. तेव्हापासून छापील वेळेवर मी विश्वास ठेवत नाही.)

कापण्याचे काम ब्लेडने होई. फीत ठोक्यावर तिरकी कापायची, नको ते तुकडे काढायचे आणि उरलेली टोके चिकटपट्टीने जोडायची. नृत्यगीताची लय एकसारखी असल्याने जोड लपतो. तरी हेडफोनवर तो कधी सापडतो. झांजेचा झणत्कार विरण्याआधीच तुटतो, किंवा आवाजाच्या मागचा घुमारा एकदम नाहीसा होतो.

उलट्या दिशेचे कामही त्याच ब्लेडने झाले. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवत असे. एकदा स्टुडिओत सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून दहा इंची वापरली. जागा भरण्यासाठी खाचा रुंद केल्या आणि आवाज असा दणदणीत आला की पुढे बारा इंचीच हवी झाली. १९७६मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचे ‘टेन पर्सेंट’ बारा इंची तबकडीवर दुकानांत विकायला आणले. असे विक्रीला आलेले ते पहिले गाणे मानतात. ते लांबवणारा वॉल्टर गिबन्स हा स्वतः डीजे होता.

लांबीने गाण्याचे नशीब कसे बदलते, याचे माझे आवडते उदाहरण ट्रॅम्प्सचे ‘डिस्को इन्फर्नो’. १९७६ साली साडेतीन मिनिटांचे सिंगल निघाले आणि फारसे चालले नाही. १९७७च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’च्या अल्बमवर मात्र जवळजवळ अकरा मिनिटांचा पाठ घेतला गेला. लोकांनी तो ऐकला आणि १९७८मध्ये पुन्हा काढलेले सिंगल बिलबोर्डच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत चढले.

सीडी आली तेव्हा खाचांचा प्रश्न मिटला. लेसरला लांबीशी आणि खर्जाशी देणेघेणे नाही. पण ७४ मिनिटांची भिंत उभी राहिली आणि संकलनकार पुन्हा कातर घेऊन बसले. इंग्लंडच्या न्यू ऑर्डरचे ‘सब्स्टन्स’ (१९८७) हे संग्रहच मुळी त्यांची बारा इंची सिंगल्स एकत्र आणण्यासाठी निघाले. फॅक्टरी कंपनीच्या टोनी विल्सनला ती गाणी आपल्या जग्वार गाडीतल्या सीडी प्लेअरवर ऐकायची होती, असे सांगतात. ‘ब्लू मंडे’ साडेसात मिनिटांचे त्यावर आहे. पण ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्युजन’ नव्याने मुद्रित केलेली आहेत आणि ‘द परफेक्ट किस’चा शेवट सीडीवर छाटला आहे. बारा इंचीवर ते पावणेनऊ मिनिटांचे, इथे आठच्या आसपास. १९८५च्या ‘लो-लाइफ’ या अल्बमवर तेच गाणे पाच मिनिटांचेही नाही. म्हणजे इथे सिंगल लांब आणि अल्बम आखूड! अल्बमचा पाठ तो पूर्ण आणि सिंगलचा तो कापलेला, हे माझे गृहीतक या एका गाण्याने मोडले.

मॅडोनाचे ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ (१९९०) तर आणखी पुढे गेले. तिच्या गाजलेल्या गाण्यांचा हा संग्रह, पण बहुतेक गाणी क्यूसाउंड तंत्राने नव्याने मिसळलेली. पहिल्या अल्बमवर सहा मिनिटांचे असलेले ‘हॉलिडे’ तिथे चारच्या आसपास आणले. हे संकलन इतके खपले की अनेकांच्या कानात आज हाच पाठ मूळ म्हणून बसला आहे.

इथे मला माझी जुनी भूमिका बदलावी लागली. बरीच वर्षे मी लांब पाठाच्या बाजूने भांडत होतो. आखूड तो व्यापारी आणि भ्रष्ट, असे माझे मत होते. पण १९७९च्या ऑगस्टमध्ये ‘गुड टाइम्स’ बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा अमेरिकेतल्या रेडिओसमोर बसलेल्या लाखो माणसांनी आखूड पाठच ऐकला होता. जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या, ती चीडही मुख्यतः रेडिओवर सतत वाजणाऱ्या संगीतावरची होती. नाचघरात काय घडले हे लांब पाठ सांगतो, घराघरात काय पोहोचले हे आखूड. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही कागद लागतात.

आणि आता धोक्यात आहे तो आखूडच. अल्बमची मूळ फीत जपली जाते, पुन्हा पुन्हा निघते. सिंगलसाठी जोडलेली फीत कुठेतरी पडून असते किंवा नसते. म्हणून काही संकलनकार अल्बमचा पाठ घेतात, चौथ्या मिनिटाला आवाज हळूहळू उतरवतात आणि वर ‘सिंगल व्हर्जन’ असे छापतात. हा तिसरा पाठ, तो कोणत्याही रेडिओवर कधी वाजलाच नव्हता. तो ओळखायची माझी रीत साधी आहे. खऱ्या सिंगलमध्ये मधूनच उडी असते, एखादे कडवे किंवा वाद्यमेळ गायब असतो आणि पुढचे काही राहिलेले असते. बनावटीत उडी कुठेच नसते. सुरुवातीपासून दोन्ही सीडी पावलाला पाऊल लावून चालतात आणि एक नुसती थांबते.

माझ्या कपाटातल्या प्रत्येक संकलनाच्या वेष्टणावर छापील वेळेशेजारी मी घड्याळाने मोजलेली वेळ पेन्सिलीने लिहितो. जिथे उडी सापडली तिथे एक छोटी फुली. ‘सब्स्टन्स’वर ‘द परफेक्ट किस’पुढे तीन आकडे आहेत, आणि अल्बमच्या आकड्याशेजारी फुली.