टाकी बदलावीच लागते

कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल जीप इंजेक्शनवर घेताना टाकीला हात लावायची गरज नाही, चेसिसवर विजेचा एक पंप ठोकला की भागते, असे मत अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांत सर्रास ऐकू येते. ते मांडणारे अडाणी नाहीत. मूळ टाकी कापणे म्हणजे गाडीचा इतिहास कापणे, असे ते म्हणतात. बाहेरचा पंप रस्त्यावर पाव तासात बदलता येतो, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तिसरा सर्वांत वजनदार: १९६७ साली बॉशचे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनवर आले, तेव्हा पंप टाकीबाहेरच होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

जुन्या टाकीला कार्ब्युरेटर सांभाळून घेत होता, हे इथे विसरले जाते. त्याच्या फ्लोटच्या वाटीत थोडे पेट्रोल कायम शिल्लक असते. वळणावर टाकीतले पेट्रोल एका कुशीला गेले, पंपाने क्षणभर हवा ओढली, तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. पंपाला दाबही ०.३ बारच्या आसपासच द्यावा लागतो. इंजेक्शनला ३ ते ४ बार लागतात, आणि वाटी नसते. पंपात हवा शिरली की दाब कोसळतो आणि इंजिन झटके खाते. अडथळ्याच्या पट्ट्या नसलेल्या टाकीत हे टळणार कसे?

मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. मित्राची जीप जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या चढावर वळणात बंद पडे आणि मिनिटभराने मुकाट सुरू होई. दोन पंप बदलून झाले होते. आम्ही पंपाआधी पारदर्शक नळी जोडली, टाकीत दहा लिटर ठेवले आणि एका बाजूला जॅक लावला. जीप कलली तसे नळीत आधी मोहरीएवढे, मग बोराएवढे बुडबुडे धावू लागले. जॅक उतरवला, नळी भरली. दोष पंपाचा होता का?

आता उष्णतेचा हिशेब पाहा. तासाला १२० लिटर फिरवणारा पंप धरा. वाहतुकीत खोळंबलेले इंजिन त्यातले लिटर-दोन लिटर पिते. उरलेले सगळे गरम होऊन टाकीत परतते. टाकीत १० लिटर असतील, तर तेच पेट्रोल दर पाच मिनिटांनी एक फेरी मारते. मे महिन्यातल्या दुपारी घाटकोपरला एलबीएस मार्गावर ही जीप अर्धा तास उभी राहिली, तर काय होईल? विजेचा पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात दुबळा. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि गरम पेट्रोलची तिथेच वाफ होते. पंप पेट्रोलात बुडालेला असेल तर ओढण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय तेच पेट्रोल त्याला थंड ठेवते. आजच्या पेट्रोल गाड्यांत तो टाकीतच असतो, तो यासाठी.

मग फोक्सवॅगनचे काय? तिथे पंप टाकीच्या खालच्या पातळीवर होता, पेट्रोल आपल्या वजनाने त्याच्यापर्यंत उतरे, आणि परतीची नळी पहिल्या दिवसापासून होती. ती टाकी इंजेक्शनसाठी सज्ज केलेली होती. म्हणजे हा दाखला माझ्याच बाजूने साक्ष देतो.

त्यात इथेनॉल. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पाणी धरते, जुन्या रबराला खाते आणि तळाचा गाळ सोडवते. इतके पावसाळे काढलेल्या टाकीच्या तळाशी गंज नसेल, असे कोण छातीठोक सांगेल? इंजेक्टरच्या भोकाला त्यातली चिमूटही पुरते.

राहिली रस्त्यावरच्या दुरुस्तीची गोष्ट. महिंद्रने विलीजच्या परवान्यावर बनवलेल्या सीजे-३बी जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट काढली की टाकीचे तोंड समोर. पावसात चेसिसखाली चिखलात लोळून बाहेरचा पंप बदलण्यापेक्षा हे काम सोपे की अवघड?

मूळ टाकी जपण्याचा आग्रह मात्र मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ती कापू नका. पेट्रोल राहिलेल्या टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर वाफेचा स्फोट होतो, हेही ध्यानात ठेवा. तिच्याच मापाची नवी टाकी करून घ्या: आत आडव्या पट्ट्या, पंपाभोवती छोटी वाटी, परतीची नळी, हवेची वाट. जुनी टाकी रिकामी करून, वाळवून, आतून तेल फिरवून माळ्यावर ठेवा. उद्या कुणाला कार्ब्युरेटर परत चढवावासा वाटला, तर चार बोल्टांत ती जागेवर बसेल.