आग्वाद ते पेनीश

गोव्याला गेलेल्या बहुतेकांनी आग्वादचा किल्ला पाहिलेला असतो. पोर्तुगीजांनी तो १६१२ मध्ये पूर्ण केला. ‘आग्वाद’ या नावातच पाणी आहे. लांबच्या सफरीची जहाजे येथे गोडे पाणी भरून घेत. पुढे किल्ल्याच्या पाण्यालगतच्या भागात तुरुंग झाला आणि गोमंतकीयांच्या तोंडी या नावाचा अर्थच बदलला.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली आणि सालाझारच्या राजवटीने धरपकड आरंभली. सप्टेंबरात लोहिया पुन्हा गोव्यात आले, तेव्हा त्यांनाही आग्वादला डांबण्यात आले. त्याआधीच, जुलैमध्ये, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा तेथे पोचले होते. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे हे नेते. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि सातासमुद्रापार पोर्तुगालमधील पेनीशच्या तुरुंगात धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे यांच्याही वाट्याला हद्दपारी आली.

पेनीश हाही समुद्रकाठचा किल्लाच. तेथील कैदी मात्र बहुतेक पोर्तुगीज होते. सालाझारविरुद्ध बोलणारे, लिहिणारे, कामगारांच्या संघटना बांधणारे. कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल ३ जानेवारी १९६० रोजी याच किल्ल्यातून साथीदारांसह निसटले. म्हणजे गोव्याचे तोंड बांधणारी राजवट स्वतःच्या लोकांचेही तोंड बांधत होती. गोव्याचा लढा पोर्तुगीज माणसाशी नव्हता, हे पेनीशच्या कोठड्यांइतके स्पष्ट दुसरे कोण सांगणार?

कुन्हा १९५३ मध्ये पोर्तुगालमधून निसटून मुंबईला आले. १९५८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. गोव्याची मुक्ती त्यानंतर तीन वर्षांनी झाली. पेनीशचे दरवाजे १९७४ च्या एप्रिल क्रांतीने उघडले.

आग्वाद मात्र मुक्तीनंतरही २०१५ पर्यंत तुरुंगच राहिला. २०२१ च्या डिसेंबरात तेथे संग्रहालय झाले. पेनीशच्या किल्ल्यात ‘प्रतिकार आणि स्वातंत्र्य’ या नावाचे राष्ट्रीय संग्रहालय २०२४ च्या एप्रिलमध्ये खुले झाले. एका माणसाला कोंडणाऱ्या दोन किल्ल्यांना तीन वर्षांच्या आत एकच गोष्ट सांगण्याचे काम मिळाले.

आग्वादला जाल तेव्हा समुद्राचे छायाचित्र जरूर काढा. पण त्याआधी कुन्हांच्या कोठडीसमोर क्षणभर थांबा. त्याच समुद्राने त्यांना मायभूमीपासून दूर नेले होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)