दाढ, धबधबा आणि हेडसेट

आमच्या वालचंदनगरात ऊस दातानेच सोलायचा, ही रीत. शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना उभारला, तेव्हा लहानपणी खिशात पैसे नसले तरी तोंडात ऊस असायचाच.

आई मात्र चार वर्षं एकाच बाजूने चावत होती. तरुणपणी तिची दाढ नीट बधीर न करताच ओढली होती. "मेले तरी त्या खुर्चीत बसणार नाही," हे तिचं पालुपद.

तर मंडळी, दुखण्यावरचा पहिला मोठा तोडगा दातवाल्यांनीच काढला. हार्टफर्डच्या होरेस वेल्सने १८४४ मध्ये हास्यवायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढच्या वर्षी बॉस्टनला प्रात्यक्षिकात रोगी ओरडला आणि बिचाऱ्याची छी-थू झाली. १८४६ मध्ये त्याचाच जुना भागीदार मॉर्टन ईथर वापरून बाजी मारून गेला.

दुखणं आवरलं, भीती उरली. १९५७ मध्ये मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर आला. काम झटपट, पण त्या 'कुंईऽऽ'ने अंगावर काटा! १९५९ मध्ये गार्डनर नावाच्या दंतवैद्याने आणि लिकलायडरने रोग्याला हेडफोन लावले. आधी संगीत, दुखलं की धबधब्यासारखा आवाज, आणि बटण रोग्याच्याच हातात. हाच लिकलायडर १९६२ मध्ये आर्पात गेला, आणि त्याच्या कल्पनांतून पुढे आर्पानेट आलं. म्हणजे आम्हा आयटीवाल्यांचा पणजोबाच की!

२००१ मध्ये सिएटलच्या हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी हिरड्यांच्या सफाईवेळी व्हीआर लावून पाहिलं. नुसत्या सिनेमापेक्षा त्यात कमी दुखलं. रोगी दोनच, म्हणजे पुरावा चिमूटभर. पण तर्क पटणारा आहे: लक्ष मर्यादित असतं, ते दुसरीकडे गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं.

गेल्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरांना विचारून माझा हेडसेट आईला लावला. आत समुद्र, मासे. सुई टोचलीच, हे कबूल. पण रूट कॅनाल पार पडलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"मासे बरे होते रे. पण मी हात वर केला की डॉक्टर थांबत होते, त्याने धीर आला."

लिकलायडरचं बटण, दुसरं काय! असो. आता घरात दोन्ही बाजूंनी चावणं चालू आहे.