दिनविशेष : ७ जुलै

१९४६ : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या लहानशा गावी, मेथडिस्ट चर्चमध्ये, २१ वर्षांचा नौदल अधिकारी, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जिमी कार्टर आणि १८ वर्षांची रोझलिन स्मिथ यांचा विवाह झाला.

हा संसार ७७ वर्षे टिकला. अमेरिकेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाचा संसार एवढा चाललेला नाही. पण नुसत्या वर्षांपेक्षा त्या वर्षांत दोघांनी काय केले, ते मोलाचे. १९८० ची निवडणूक हरल्यावर दोघे प्लेन्सच्या आपल्या जुन्या घरी परतले. १९८२ मध्ये त्यांनी कार्टर सेंटर स्थापन केले. या संस्थेने नारू या कृमिरोगाच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. १९८६ मध्ये जगात नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये उरले १४. नारूने पाय सुजलेली माणसे आपल्याकडच्या खेड्यांतल्या जुन्या पिढीने पाहिली आहेत, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. रोझलिन यांनी मानसिक आजार असलेल्यांसाठी आयुष्यभर आवाज उठवला. रोज रात्री दोघे मिळून बायबल वाचत. नव्वदी उलटल्यावरही कार्टर रविवारी चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेत.

महाराष्ट्राशी या घराचे नाते जुने. कार्टर यांच्या आई लिलियन साठीच्या उत्तरार्धात अमेरिकी सरकारच्या पीस कोअर या सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळीत रुग्णसेवा करत होत्या. २००६ मध्ये ८२ वर्षांचे कार्टर रोझलिन यांच्यासह लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि गरीब कुटुंबांच्या घरांसाठी इतर स्वयंसेवकांबरोबर स्वतः राबले.